पवनचक्कीचा मंजूर अर्ज

निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. त्यातले पुष्कळ आता पुसट झाले आहे. किनवट तालुक्यातल्या पठारावरच्या एका गावाचे प्रकरण मात्र काल घडल्यासारखे समोर उभे राहते. त्यात रक्त सांडले नव्हते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, एवढीच त्याची दखल. त्या चार ओळींत माझी चूक आली नाही. ती इथे लिहितो आहे. कुणाचेही नाव घेणार नाही, गावाचेही नाही.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि जंगलाच्या कडेच्या एका लहान ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग आदल्या दिवशीच्या अर्जांची वाटणी. येणारे अर्ज बहुतेक बांधाच्या भांडणाचे, दारूचे, चोरीच्या सागवानाचे. एका आठवडी बाजाराच्या दिवशी बीट अंमलदार दुपारी ठाण्यात आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, पठारावरच्या गावातली पवनचक्की गायब हाय. बाजारात लोक बोलून राहिले. अंगणवाडीच्या बाईनं इकली म्हणतेत."

मी हसलो. "पवनचक्की म्हणजे कोंबडी आहे का, पिशवीत घालून विकायला?"

तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्या गावातले एक ग्रामपंचायत सदस्य लेखी तक्रार घेऊन आले. बरी जमीन असलेला, शब्दाला वजन असलेला माणूस. खाली वीसएक सह्या आणि अंगठे होते. ठाणे अंमलदाराने आवक क्रमांक टाकून अर्ज माझ्याकडे दिला. अर्जात लिहिले होते, की अंगणवाडी सेविकेने पवनचक्कीच्या सरकारी अनुदानाचे आमिष दाखवून घरोघर लोकवाटा गोळा केला आणि नंतर पवनचक्की परस्पर विकली. जाता जाता ते सदस्य आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, त्यांच्या लोकांना कागदं लई कळतेत. आम्ही अडाणी."

बाई बौद्ध कुटुंबातल्या होत्या. त्या वाक्याचा रोख मला कळला नाही असे नाही. कळला आणि मी तो तसाच सोडून दिला.

मी गावात गेलो. वीज खालच्या मुख्य लाइनवरून जंगलातून यायची. वारा सुटला की फांदी तारेवर पडे आणि आठवडा आठवडा गाव अंधारात राही. त्यापेक्षा मोठी अडचण पाण्याची. विहीर उताराच्या तळाशी, तिच्यावरची मोटार बंद, आणि बाया हंडे घेऊन चढ चढताना दिसत. वर पठारावर वारा मात्र बारा महिने. अंगणवाडीच्या पत्र्यांवर दगड ठेवलेले होते. त्याच अंगणवाडीच्या बाजूला सिमेंटचा चौथरा होता, त्यात चार बोल्ट आणि एक उभा लोखंडी खांब. खांबाच्या टोकाला काही नव्हते. आम्ही पंचांसमक्ष तेवढ्या खांबाचा पंचनामा केला.

बाई स्वतःच पुढे आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, विधवा, बारीक अंगाच्या. "साहेब, मीच येणार होते तक्रार द्यायला," त्या म्हणाल्या. "गाडी मिळंना म्हणून ऱ्हायलं."

तक्रार झाली की आरोपी असेच बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिले होते. तेव्हाच मी मनात निकाल लावून टाकला.

त्यांनी मला कापडी पिशवीतून फाइल काढून दाखवली. काही वर्षांपूर्वी नांदेडला प्रशिक्षणाला गेल्या असताना एका कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी छोटी पवनचक्की फिरताना पाहिली होती. कुणाला तरी विचारले, तेव्हा कळले की गावांना, शाळांना अशासाठी अनुदान मिळू शकते. कुठून, ते सांगणाऱ्यालाही नीट माहीत नव्हते. तेव्हापासून सहा वर्षे त्या शोधत होत्या. पंचायत समिती, जिल्हा परिषद, वीज कार्यालय, आमदार निधी, कंपन्यांचे समाजकार्याचे निधी, मुंबईतला एक ट्रस्ट. प्रत्येकाला अर्ज, प्रत्येक अर्जाची पोच. उत्तरे सगळी एका ठशाची. विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. चालू वर्षी तरतूद नाही. मोठ्या संस्थेमार्फत यावे. एकाने लिहिले होते, जागेवरच्या वाऱ्याच्या नोंदी जोडाव्यात. मग बाईंनी बांबूला कापडाची पट्टी बांधली आणि वर्षभर रोज सकाळी नि संध्याकाळी, पट्टी किती उचलली जाते आणि कोणत्या दिशेला, हे एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवले.

ते रजिस्टर मी चाळले आणि बाजूला ठेवले. मला हवी होती ती सही. एका कागदावर पवनचक्की मिळाल्याची, दुसऱ्यावर पंखा उतरवून नेण्यास हरकत नसल्याची. दोन्ही सह्या बाईंच्या होत्या.

त्यांची हकीकत अशी होती. नांदेडच्या एका बैठकीत त्यांना लातूरचा एक सल्लागार भेटला. ऊर्जेच्या योजनांची कामे करतो म्हणाला. त्याने बाईंचा अर्ज ऑनलाइन भरून दिला. काही महिन्यांनी बाईंनी बाजारातून फोन केला, तेव्हा त्याने सांगितले, अर्ज नामंजूर झाला, पण कंपनीच्या कोट्यातून एक पवनचक्की देता येईल, गावाने लोकवाटा द्यावा. गावाने दिला. एके दिवशी टेम्पोतून पवनचक्की आली, उभी राहिली, अंगणवाडीत दिवा लागला. चार दिवस लागला. पाचव्या दिवशी सल्लागाराची माणसे आली, बेरिंग गेले म्हणून पंखा उतरवून लातूरला घेऊन गेली. त्यानंतर सल्लागाराने फोन उचलला नाही.

मी बाईंना ठाण्यात बोलावले. साक्षीदार असलेल्या स्त्रीचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो, हा नियम मला माहीत होता. चौकशीच्या अर्जाला तो कशाला लावायचा, असे मी स्वतःला समजावले. पहिल्या दिवशी त्या अकरा वाजता आल्या आणि पाचपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मी एका बंदोबस्ताच्या बैठकीला गेलो होतो. ठाण्यात येणारा जाणारा प्रत्येक माणूस त्यांना पाहत होता.

दुसऱ्या खेपेला मी चौकशी केली.

"ही सही तुमची?"

"हाव, माझीच हाय."

"पंखा नेण्यास हरकत नाही, असं वर लिहिलंय."

"दुरुस्तीला नेतो म्हणले. आठ दिवसांत आणून बसवतो म्हणले."

"आणि तुम्ही विश्वास ठेवला."

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. "साहेब, सहा वर्षांत तो एकच माणूस आमच्या गावापस्तोर आला. त्याच्यावर न्हाई ठेवायचा, तर कुणावर ठेवायचा?"

"अर्ज नामंजूर झाला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मोबाईलवर निरोप येतो म्हणले. गावात रेंज न्हाई, म्हणून फारमावर त्यांचाच नंबर टाकला होता."

सगळे प्रकरण त्या एका वाक्यात होते. माझ्यासमोर बसून बाई सांगत होत्या, की अर्जाचे उत्तर त्यांनी स्वतः पाहिलेलेच नाही. मी जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला म्हणालो, "पुढं घ्या."

"खरं सांगा, बाई," मी म्हणालो. "पवनचक्कीला कुठं अनुदान असतं का? तुम्ही दोघांनी मिळून गावाला गंडवलं आणि वाटणीवरून बिनसलं. असंच आहे ना?"

त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अनुदान असतंय, साहेब. मी वाचलंय."

मी नांदेडच्या वीज कार्यालयातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला होता. तो म्हणाला होता, असलं काही ऐकलं नाही बुवा. तेवढे मला पुरले. ज्या सरकारी संस्थेकडे बाईंनी अर्ज केला होता, तिचा पत्ता फाइलमध्येच होता. तिला एक पत्र पाठवावे, असे मला वाटले नाही.

तिसऱ्यांदा बाई आल्या त्या दिवशी त्यांच्या हातात खात्याची नोटीस होती. पोलीस चौकशी चालू असल्याने अंगणवाडीचे काम तात्पुरते दुसऱ्या सेविकेकडे सोपवावे. बचत गटाने त्यांचे अध्यक्षपद आधीच काढून घेतले होते. त्या दिवशीही त्या बाकावर बसल्या. आमच्या ठाण्यातल्या महिला पोलीस नाईक त्यांच्यासाठी चहा घेऊन गेल्या आणि बोलता बोलता बाईंच्या मोबाईलवरचे फोटो पाहू लागल्या. टेम्पोतून पवनचक्की उतरवतानाचा एक फोटो होता. नाईकबाई त्या फोटोपाशी थांबल्या.

"बाई, पूजा कोणत्या दिवशी केली?"

"दुसऱ्या दिवशी, उभी केल्यावर. पाटलांच्या घरच्या बायांनी केली."

"मग हा फोटो?"

"हा तर उतरवतानाचा. पहिल्या दिवशीचा."

नाईकबाई मोबाईल घेऊन माझ्या खोलीत आल्या. वाऱ्याची दिशा पकडायला पवनचक्कीच्या मागे पत्र्याचे शेपूट असते. टेम्पोत आडव्या ठेवलेल्या त्या नव्या म्हटलेल्या पवनचक्कीच्या शेपटावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती. पुसट, पण पाच बोटे स्पष्ट. "साहेब," त्या म्हणाल्या, "हिची पूजा आधीच कुठंतरी झालीय. बाई खोटं बोलत असत्या, तर हा फोटो त्यांनी कशाला जपून ठेवला असता?"

मी फोटो बराच वेळ पाहिला. मग बाहेर जाऊन बाईंना घरी जायला सांगितले. काय कळले, ते सांगितले नाही.

सल्लागाराने बाईंना आधी केलेल्या कामांचे म्हणून जे फोटो पाठवले होते, त्यातल्या एका शाळेची पाटी वाचता येत होती. गाव बिलोली तालुक्यातले. आम्ही तिथे गेलो. शाळेच्या मागे चौथरा, चार बोल्ट, रिकामा खांब. मुख्याध्यापक म्हणाले, "दुरुस्तीला नेलीय." किती दिवस झाले, विचारल्यावर ते रजिस्टर उघडून तारीख शोधू लागले. तिथून तिसऱ्या गावाचा पत्ता लागला. एकच पंखा गावोगाव फिरत होता. उभा राहायचा, चार दिवस दिवा लागायचा, फोटो निघायचे, सह्या व्हायच्या आणि पंखा पुढच्या गावाला जायचा.

आता फसवणुकीचा रीतसर गुन्हा नोंदवला. फिर्यादी म्हणून बाईंचेच नाव घातले. लातूर पोलिसांची मदत घेऊन आम्ही सल्लागाराच्या कार्यालयात शिरलो. काचेचे दार, भिंतीवर पवनचक्क्यांच्या तसबिरी. शहराबाहेरच्या गोदामात तो पंखा सापडला. शेपटावर हळदीकुंकवाचे थर चढले होते. आत वीज तयार करणारा भागच नव्हता. दिवा लागायचा तो लातूरहून भरून आणलेल्या बॅटरीवर. पंखा मुद्देमाल म्हणून जप्त केला.

सल्लागार चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, मवाळ बोलणारा होता. पळाला नाही, हुज्जत घातली नाही. पुरावा समोर ठेवल्यावर त्याने लोकवाट्याचे कबूल केले. मी म्हणालो, "नसलेल्या योजनेच्या नावावर गरिबांना लुबाडलंत."

तो जरा चकित झाल्यासारखा दिसला. "योजना नसलेली कशी, साहेब? योजना आहे."

"म्हणजे?"

"अनुदान खरं आहे. तिन्ही गावांचं मंजूर झालं होतं. मंजुरी अर्जातल्या मोबाईलवर येते. तो माझा होता. पुरवठादार म्हणून नोंदणीही माझीच. काम पूर्ण झाल्याचा फोटो आणि गावाची सही जोडली की अनुदान पुरवठादाराला मिळतं." मग तो म्हणाला, "किनवटच्या त्या बाईंचा अर्ज मी पाहिलेल्या अर्जांत सगळ्यात चांगला होता. वर्षभराच्या वाऱ्याच्या नोंदी कोण जोडतं? तो कुठल्याही रांगेत मंजूर झाला असता. मी नसतो तरी."

मी खोलीतून बाहेर आलो आणि नळाखाली तोंड धुतले.

त्या दिवशी मी ते पत्र लिहिले, जे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. संस्थेकडून आठवड्यात साक्षांकित प्रती आल्या. मंजुरीचा आदेश. काम पूर्ण झाल्याचा दाखला, बाईंच्या सहीसह. अनुदान दोन हप्त्यांत दिल्याची पत्रे. दुसरा हप्ता कोणत्या दिवशी सुटला, ते मी स्टेशन डायरी काढून ताडून पाहिले. बाई तिसऱ्यांदा ठाण्याच्या बाकावर बसल्या होत्या, तोच दिवस. सोबतच्या पत्रात अधिकाऱ्यांनी स्वच्छ लिहिले होते, की तक्रार आधी कळवली असती तर हप्ता रोखता आला असता.

मी बाईंच्या घरी गेलो. या खेपेला नियमाप्रमाणे, महिला नाईक सोबत घेऊन. बाईंनी चटई टाकली. मी मंजुरीच्या आदेशाची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि सगळा आदेश वाचला, सावकाश, शेवटच्या सहीपर्यंत. गावाचे नाव, अंगणवाडीचे नाव, त्यांचे स्वतःचे नाव. वाऱ्याच्या नोंदी समाधानकारक असल्याची एक ओळ होती. तिच्यावर त्यांचे बोट थांबले.

"म्हणजे दरखास्त बरोबर होती," त्या म्हणाल्या.

"हो, बाई. मंजूर झाली होती."

त्या आदेशावरच्या तारखेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याच आठवड्यात मी समाजमंदिरासमोर सगळ्या गावाची माफी मागितली होती, साहेब. म्हणलं, माझ्याकून झालं न्हाई."

नाईकबाई उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मला काही बोलायला हवे होते. मी म्हणालो, "माझीही चूक झाली." त्यांनी मान हलवली. ती क्षमा होती की नुसते ऐकल्याची खूण, मला आजही ठरवता येत नाही.

मग त्यांनी एकच विचारले. "आता नवी दरखास्त केली तर?"

ते मी संस्थेला आधीच विचारले होते. नोंदीप्रमाणे त्या गावात पवनचक्की बसली आहे, काम पूर्ण आहे, अनुदान दिलेले आहे. एका गावाला दुसऱ्यांदा मिळत नाही. फसवणूक न्यायालयात सिद्ध झाली तर नोंद बदलण्याचा विचार होईल. मी त्यांना ते जसेच्या तसे सांगितले. त्यांनी आदेशाची प्रत घडी करून मला परत दिली. "ठेवा तुमच्याकडंच," त्या म्हणाल्या. "गुन्ह्याच्या कामाला लागंल."

बाई निर्दोष आहेत, असे पत्र मी त्यांच्या खात्याला दिले. तोवर अंगणवाडीत दुसरी सेविका नेमली गेली होती. ग्रामपंचायत सदस्यांना मी सगळा प्रकार समजावून सांगितला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "असंल, साहेब. पण सही तर त्यांचीच होती ना." गावाने आपला राग कुणावर तरी ठेवायचा होता आणि सल्लागार लातूरला होता. बाई जवळ होत्या. वर्षभराच्या आत त्या गाव सोडून नांदेडला मुलाकडे राहायला गेल्या.

आम्ही आरोपपत्र वेळेत दाखल केले. आरोपीला जामीन मिळाला. कुणीतरी सांगितले की तो आता दुसऱ्या नावाने सौर पंपांची कामे करतो. मी त्याची माहिती संबंधित ठाण्याला कळवली. पुढे काय झाले, मला माहीत नाही. खटला अजून चालू आहे. निवृत्तीनंतर दोनदा साक्षीसाठी गेलो. एकदा आरोपीचे वकील आजारी होते, एकदा न्यायाधीशांची बदली झाली होती. दुसऱ्या वेळी न्यायालयाच्या व्हरांड्यात बाई भेटल्या. नांदेडहून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी विचारले, तिकडे काही करता का, एखाद्या शाळेसाठी, वस्तीसाठी? तुमच्यासारखा अर्ज लिहिणारा माणूस कुठे मिळतो?

"न्हाई, साहेब," त्या म्हणाल्या. "आता कागद हातात धरायला भेव वाटतंय. सुनबाई रेशनचा फारम भरा म्हणली, तरी मी म्हणते, तूच भर."

पोलिसाच्या नोकरीत माणूस ओळखायला शिकतो, असे लोक म्हणतात. मीही कार्यक्रमांतून तसे बोलत आलो. खरे सांगायचे तर आम्ही ओळखायला शिकतो ते खोटे बोलणाऱ्याला. गरीब माणूस खरे सांगतो आणि ते खरे आपल्याला माहीत नसते, तेव्हा काय करायचे, हे मला कुणी शिकवले नव्हते आणि मी शिकून घेतले नाही. अंगणवाडीची एक बाई मला माहीत नसलेली सरकारी योजना सांगते, याचा अर्थ ती खोटी आहे, असा मी लावला. तिचे म्हणणे तपासायला एक पत्र पुरेसे होते. भामट्याने त्या गावाची पवनचक्की नेली. बाईंना ज्याने संपवले, तो वर्दीत होता.

गावाची नोंद बदलावी म्हणून निवृत्तीनंतर मी संस्थेला माझ्या नावाने तीन पत्रे लिहिली. पहिल्या दोन्हींचे उत्तर आले, विषय न्यायप्रविष्ट आहे. तिसऱ्याचे आले नाही. मागच्या उन्हाळ्यात किनवटकडे एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा पठारावरून गाडी नेली. दुपारचे चार वाजले होते आणि बाया विहिरीवरून हंडे घेऊन चढ चढत होत्या. वारा इतका होता, की एकीला पदर दातांत धरावा लागला होता. घरी आल्यावर चौथे पत्र लिहायला बसलो. तारीख घातली, विषय लिहिला आणि कागद तसाच ठेवून दिला. तो अजून तसाच आहे.